बटर, तूप, तेल, मार्जरीन: घरच्या बेकिंगमध्ये मोजायचं कसं, बदलायचं कसं

रेसिपीत लिहिलेलं असतं ‘दोन स्टिक बटर, अनसॉल्टेड, रूम टेंपरेचरला’. आपल्या फ्रिजमध्ये असतं शंभर ग्रॅमचं खारं बटर, बाहेर मे महिना, आणि स्टिक म्हणजे किती हे घरात कोणालाच माहीत नसतं. मग अंदाजाने दीड पाकीट घातलं जातं, मीठ रेसिपीप्रमाणे पडतं, आणि कुकी खारट होऊन ट्रेभर पसरते. दोष ओव्हनला जातो.

बटर मोजणं आणि बटरऐवजी दुसरं काही घालणं या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. बटर म्हणजे नुसती चरबी नव्हे, त्यात पाणी असतं. हे पाणी हिशेबात धरलं की तूप, तेल, मार्जरीन (वनस्पती तेलांपासून केलेला बटरसारखा पदार्थ), घरचं लोणी, काहीही वापरता येतं.

पाकिटात काय काय असतं

भारतीय नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये दुधाची चरबी किमान ८० टक्के असावी लागते, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि मीठ जास्तीत जास्त ३ टक्के. अमेरिकेतही चरबीची किमान मर्यादा ८० टक्केच आहे. युरोपातल्या बटरमध्ये साधारण ८२. म्हणजे परदेशी रेसिपीत आपलं बटर चालत नाही, हा समज चरबीच्या बाबतीत तरी खोटा आहे. फरक पडतो तो मिठाचा.

बाकीच्यांचं असं: साजूक तूप जवळजवळ शंभर टक्के चरबी. तेल शंभर टक्के. डालड्यासारखं वनस्पती तूपही तसंच. ठोकळ्यातलं मार्जरीन ८० टक्के, म्हणजे बटरइतकंच. डबीतल्या ‘फॅट स्प्रेड’मध्ये ४० पासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. घरचं लोणी ज्याच्या त्याच्या हातावर.

एवढे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. खरं तर ८० आणि १६ हे दोनच पाठ करा.

आधी सगळं ग्रॅममध्ये आणा

कुठलीही रेसिपी हातात घेतली की पहिलं काम हे. अमेरिकन स्टिक ११३ ग्रॅमची. तिथे बटर एक पौंडाच्या खोक्यात चार स्टिक असं मिळतं आणि प्रत्येक स्टिकच्या वेष्टनावर आठ टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात, म्हणून त्यांच्या रेसिपीत ‘सहा टेबलस्पून बटर’ असं बिनदिक्कत येतं. तिकडे राहणाऱ्यांना काही मोजावंच लागत नाही, रेघेवर सुरी ठेवली की झालं. आपल्यासाठी हा हिशेब:

१ टेबलस्पून बटर = १४ ग्रॅम
पाव कप = ५७ ग्रॅम
एक तृतीयांश कप = ७६ ग्रॅम
अर्धा कप, म्हणजेच एक स्टिक = ११३ ग्रॅम
१ कप, म्हणजेच दोन स्टिक = २२७ ग्रॅम

हे अमेरिकन कपाचं, जो साधारण २४० मिलीचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या रेसिपीचा कप २५० मिलीचा असतो आणि टेबलस्पून तर चक्क २० मिलीचा. सिडनी-मेलबर्नमधल्या मैत्रिणीने पाठवलेली रेसिपी असेल तर एक टेबलस्पून बटर १४ नव्हे, १९ ग्रॅमच्या आसपास धरा. ब्रिटिश रेसिपी बहुतेक ग्रॅममध्येच असतात, तिथे डोकेदुखी नाही.

आपल्याकडे मिळणारे प्लॅस्टिकचे आणि स्टीलचे कप काही २४० चे, काही २५० चे असतात. तळाशी किंवा दांड्यावर आकडा कोरलेला असतो, एकदा बघून ठेवा. बटरसाठी हा फरक फारसा नाही, पण मैदा, साखर, बटर तिन्ही एकाच सेटने मोजा. एक माप एका सेटमधून आणि दुसरं दुसऱ्या सेटमधून घेतलं की प्रमाण हलतं.

जुन्या मराठी वह्यांमध्ये माप असतं वाटी. ही वाटी कोणाकडे दीडशे मिलीची, कोणाकडे दोनशेची. ‘एक वाटी लोणी, एक वाटी साखर, दोन वाट्या मैदा’ असं लिहिलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. सगळं एकाच वाटीने घेतलं की प्रमाण टिकतं. अडचण येते ती अंडी, बेकिंग पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा या मोजून येणाऱ्या गोष्टींपाशी, कारण त्या वाटीप्रमाणे लहानमोठ्या होत नाहीत. तेव्हा आपली वाटी पाण्याने काठोकाठ भरा, ते पाणी मापाच्या कपात ओता, आणि आकडा वहीतच त्या रेसिपीशेजारी लिहून ठेवा.

काटा असेल तर, नसेल तर

डिजिटल काटा घ्याच, असं माझं स्पष्ट मत आहे. चॉकलेट, मोल्ड आणि तऱ्हेतऱ्हेची नोझल्स घेण्याआधी काटा. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात बेकिंगच्या दुकानांतून फिरताना माणूस नोझल्सच्या बारा प्रकारांत अडकतो आणि काटा राहून जातो. काट्यावर रिकामं भांडं ठेवायचं, शून्य करायचं, बटर घालायचं. भांडी कमी पडतात हा वरचा फायदा.

काटा नसेल तर सर्वात सोपा उपाय पाकिटातच आहे. बटर फ्रिजमधून काढल्या काढल्या, कडक असतानाच, शंभर ग्रॅमच्या ठोकळ्याच्या मध्यावर सुरीने हलकी खूण करा, मग प्रत्येक अर्ध्यावर पाच सारख्या फोडींच्या. प्रत्येक फोड दहा ग्रॅम. ११३ ग्रॅम हवं तर एक पूर्ण ठोकळा आणि दुसऱ्यातली सव्वा फोड. पाचशे ग्रॅमच्या पाकिटाचे आधी अर्धे-अर्धे करत चार तुकडे करा, प्रत्येक सव्वाशेचा. मग पुढची कापाकापी. मऊ झालेलं बटर असं कापता येत नाही, सुरीला चिकटून येतं आणि माप जातं.

दुसरा उपाय पाण्याचा. हा घट्ट बटरसाठी फार छान आहे आणि शाळेतल्या आर्किमिडीजचा जन्मात एकदा तरी उपयोग होतो. मिलीच्या खुणा असलेल्या जगमध्ये ३०० मिली गार पाणी घ्या. त्यात बटरचे तुकडे सोडा. बटर पाण्यावर तरंगतं, आणि तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. म्हणजे पाणी ३०० वरून ४०० वर आलं की आत १०० ग्रॅम बटर आहे. तुकडे तळाला किंवा भिंतीला अडकलेले नकोत, मोकळे तरंगायला हवेत. रेसिपीतलं माप कपात असेल तर मात्र तुकडे चमच्याने जेमतेम पाण्याखाली दाबून मग पातळी बघायची, कारण कप हे आकारमान आहे. दोन्हींतला फरक अर्ध्या कपाला चार-पाच मिलीचा, त्यामुळे विसरलात तरी केक बिघडणार नाही. मोजून झालं की बटर बाहेर काढून स्वच्छ सुती कापडाने नीट टिपून घ्या.

कपात बटर दाबून भरायची पद्धत मला आवडत नाही. मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, कडा चिकटतात, आणि निम्मं बटर कपालाच राहतं. भरायचंच असेल तर बटर मऊ हवं, चमच्याच्या पाठीने तळापर्यंत दाबायला हवं आणि वरून सुरीने सपाट करायला हवं.

खारं बटर आणि मीठ

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हमखास मिळतं ते खारं बटर. त्यात साधारण २ टक्के मीठ धरा. म्हणजे १०० ग्रॅममध्ये दोन ग्रॅम, बारीक मिठाचा एक तृतीयांश टीस्पून. (सपाट भरलेला टीस्पून म्हणजे सहा ग्रॅम.)

एक उदाहरण करून बघू. चॉकलेट चिप कुकीची अमेरिकन रेसिपी आहे: २२७ ग्रॅम अनसॉल्टेड बटर आणि १ टीस्पून मीठ. खाऱ्या बटरमधून साडेचार ग्रॅम मीठ आधीच येतंय. रेसिपीला सहा हवंय. राहिलं दीड ग्रॅम, म्हणजे पाव टीस्पून. तेवढंच वरून घाला. रेसिपीत अर्धाच टीस्पून मीठ असेल तर वरून काहीच नको, आणि कुकी थोडी खारट लागेल हे स्वीकारा किंवा अर्धं बटर अनसॉल्टेड घ्या.

केक आणि कुकीत खारं बटर निभावून जातं. बटरक्रीममध्ये नाही. अडीचशे ग्रॅम खाऱ्या बटरमध्ये जवळजवळ एक टीस्पून मीठ येतं आणि ते भाजलं जात नाही, मैद्यात मुरत नाही, सरळ जिभेवर येतं. कितीही आयसिंग शुगर घातली तरी ते लपत नाही. बटरक्रीमला अनसॉल्टेडच आणा. ते मिळालं नाही तर डेअरीतलं ताजं पांढरं लोणी बरं. त्याचा रंगही फायद्याचा, कारण खाऱ्या बटरच्या पिवळेपणामुळे निळं आयसिंग हिरवट दिसतं.

‘रूम टेंपरेचर’ कुणाच्या रूमचं?

ही रेसिपी लिहिणाऱ्याची खोली २०-२१ अंशांची असते. नागपुरात मे महिन्यात स्वयंपाकघर ३८ वर असतं, आणि बटर ३२ ते ३५ अंशांत वितळतं. तिथे बटर ‘रूम टेंपरेचरला’ ठेवलं तर अर्ध्या तासात वाटीत पिवळं तेल.

साखरेबरोबर फेटायचं बटर १८ ते २० अंशांचं हवं. थर्मामीटर नको, बोट पुरे. ठोकळ्यावर बोट दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण बोट आत रुतता कामा नये, आणि वरचा भाग चमकदार, तेलकट दिसता कामा नये. हाताला गारच लागलं पाहिजे. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून छोटे चौकोनी तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की एवढं होतं. नाशिकच्या डिसेंबरात तासभरही लागेल. मायक्रोवेव्हने मऊ करायच्या फंदात पडू नका. मधला भाग वितळतो आणि बाहेरून ठोकळा शाबूत दिसतो.

एवढं का, तर फेटताना साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात. ओव्हनमध्ये तेच फुगतात. वितळलेल्या बटरमध्ये हवा अडकत नाही, आणि मग बेकिंग पावडर एकटी काय काय करणार? फेटता फेटता मिश्रण पातळ, चकचकीत दिसू लागलं तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा फेटा. पांढुरकं आणि हलकं होईल.

बदलण्याआधी: बटर इथे कोणतं काम करतंय?

प्रमाणाच्या गणितापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रेसिपीची कृती वाचा, घटकांची यादी नंतर.

‘बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेटा’ असं असेल तर बटर हवा धरतंय. तिथे तेल सरळ घालता येत नाही. ‘बटर वितळवून घाला’ असं असेल, ब्राउनी किंवा मफिनमध्ये असतं तसं, तर ते फक्त ओलावा आणि मऊपणा देतंय; तिथे तूप, तेल काहीही चालेल. ‘गार बटर मैद्यात चोळा’ असेल तर ते खुसखुशीतपणा देतंय, तिथे थिजलेलं काहीतरीच हवं. आणि खारी किंवा पफ पेस्ट्रीसारखे पदर सुटायचे असतील तर बटर घट्ट राहून थर वेगळे ठेवतंय, आणि त्यातलं पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन ते थर उचलतंय. तिथे तूपसुद्धा तितकंसं चालत नाही, कारण त्यात पाणीच नाही.

पाचवं काम चवीचं. ज्या बिस्किटात मैदा, साखर आणि बटर याशिवाय काही नाही, पुण्याच्या श्रूजबरीसारख्या, तिथे बटर बदललं तर पदार्थच बदलला. चॉकलेट केकमध्ये मात्र कोको सगळं झाकतो.

तूप

आपल्या घरात सर्वात जवळचा पर्याय. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि एक टेबलस्पून दूध किंवा पाणी. शंभराला शंभर घातलं तर केक वरून तुपकट लागतो आणि मधे जड बसतो. उलट बाजूने, रेसिपीत १०० ग्रॅम तूप असेल आणि बटर घालायचं असेल तर १२५ ग्रॅम घ्या आणि बाकीच्या पातळ घटकांतून २० मिली कमी करा.

फेटायचं असेल तर तूप थिजलेलं हवं. उन्हाळ्यात पातळ असेल तर वाटी फ्रिजमध्ये ठेवून लोण्यासारखं घट्ट होऊ द्या. रवाळ तूप आधी थोडं पातळ करून, ढवळत ढवळत गार केलं की रवा मोडतो. मग परातीत घालून तळहाताने फेसा. सुरुवातीला ते पिवळं, ओलसर फिरत राहतं आणि वाटतं की यातून काही होणार नाही. पाच-सात मिनिटांत रंग फिका पडू लागतो, हाताला जडपणा कमी होतो, आणि मग एकदम पांढरंशुभ्र फुगून येतं. पिठीसाखर त्यानंतर.

नानकटाई हीच. सुट्टीत किंवा दिवाळीआधी घरून रवा, मैदा, साखर, तूप डब्यांतून नेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची आपल्याकडे पद्धत होती. घरच्या ओटीजीत करायची तर १०० ग्रॅम तूप, ९० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, पाव टीस्पून बेकिंग पावडर, वेलची आणि चिमूटभर मीठ. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं.

आता यात बटर घालायची वेळ आली तर? १२५ ग्रॅम तसंच घातलं तर वीस मिली पाणी मैद्याला लागतं, पीठ चिवट होतं, आणि नानकटाई भेगा पडून विरघळायच्या ऐवजी बिस्किटासारखी कडक होते. त्यापेक्षा १३० ग्रॅम बटर मंद आचेवर कढवून घ्या. आधी खूप फेस येईल, तडतड आवाज येईल. आवाज थांबला की पाणी गेलं. तळाशी बेरी बसेल. वरचं गाळून घ्या, थोडं कमी-जास्त वाटलं तर वजन करून १०० वर आणा, आणि थिजू द्या. बटर खारं असलं तरी बिघडत नाही: मीठ चरबीत विरघळत नाही, ते बेरीत राहतं. ती बेरी मात्र साखर घालून खायला देऊ नका कोणाला. भाकरीशी चांगली लागते.

ब्राऊन बटर मागणाऱ्या रेसिपींनाही हेच लागू. कढवताना वजन घटतं, म्हणून कढवलेलं १०० ग्रॅम हवं असेल तर सव्वाशेपासून सुरुवात करा.

तेल

१०० ग्रॅम बटर = ८० ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ८७ मिली, अधिक एक टेबलस्पून दूध. कपाच्या भाषेत एक कप बटरला पाऊण कप तेल असं सांगितलं जातं. बारीक हिशेब केला तर त्याहून टेबलस्पूनभर जास्त निघतं, पण पाऊण कप चालतो.

वास नसलेलं तेल घ्या, रिफाइंड सूर्यफूल किंवा राइस ब्रान. घाण्याचं शेंगदाणा तेल चिवड्याला उत्तम, व्हॅनिला केकला नाही. खोबरेल वेगळं: ते २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पुण्याच्या थंडीत चक्क बटरसारखं वागतं आणि कुकीलाही चालतं. नारळ असलेल्या केकमध्ये त्याचा वास उपराही वाटत नाही.

तेलाच्या केकचा मोठा फायदा म्हणजे तो फ्रिजमध्येही मऊ राहतो. बटरचा केक गार झाला की आतलं बटर घट्ट होतं आणि केक कोरडा वाटतो. क्रीम लावून फ्रिजमध्ये ठेवायचा वाढदिवसाचा केक असेल तर मी बटर असूनही तेलच घालते.

पण कृती बदलावी लागते. समजा साधा केक आहे: १५० ग्रॅम बटर, १५० साखर, १५० मैदा, तीन अंडी. तेलाने करायचा तर १२० ग्रॅम (१३० मिली) तेल आणि २५ मिली दूध. बटर-साखर फेटण्याची पायरी गेली, म्हणजे हवा दुसरीकडून आणायला हवी. अंडी आणि साखर एकत्र करून हँड मिक्सरने पाच-सहा मिनिटं, फिकट आणि दाट होईपर्यंत फेटा. मग तेल बारीक धारेने, फेटत फेटत घाला. दूध घाला. शेवटी बेकिंग पावडर घातलेला मैदा चाळून, उलथन्याने हलक्या हाताने मिसळा. बिनअंड्याचा केक असेल तर ही हवा मिळतच नाही. तिथे दही-सोडा किंवा बेकिंग पावडरवर भिस्त असते आणि अशा रेसिपी बहुतेक आधीच तेलाच्या असतात.

कुकी, शॉर्टब्रेड, टार्टचं पीठ यांत तेल नको. पसरतात, आणि भाजल्यावर कुरकुरीत होण्याऐवजी तेलकट भुगा होतो.

मार्जरीन, डालडा आणि ‘स्प्रेड’

मार्जरीन हा बटरचा स्वस्त पर्याय म्हणूनच जन्मला. तिसऱ्या नेपोलियनने जाहीर केलेल्या बक्षिसासाठी १८६९ मध्ये मेज-मूरिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते गाईच्या चरबीपासून केलं होतं. आताचं मार्जरीन वनस्पती तेलांचं असतं. आपल्याकडे घरात ते फारसं दिसत नाही, पण बेकऱ्यांमध्ये भरपूर वापरलं जातं, आणि बेकिंगच्या दुकानात ठोकळ्याने मिळतं.

ठोकळ्याच्या लेबलवर ‘एकूण फॅट’ बघा. १०० ग्रॅमला ८० असेल तर बटरच्या जागी तेवढंच वजन, काही जमाखर्च नाही. मार्जरीनने केक छान फुगतो, फेटायलाही सोपं, कारण ते बटरपेक्षा जास्त तापमानातही मऊ-घट्ट राहतं. चव मात्र येत नाही. निम्मं बटर आणि निम्मं मार्जरीन ही तडजोड मला मान्य आहे, विशेषतः कोकणातल्या दमट उन्हाळ्यात, जिथे नुसतं बटर कुकीच्या पिठात टिकत नाही.

खारीसाठी मिळणारं पेस्ट्री मार्जरीन आणखी वेगळं. ते उष्ण हवेतही लाटताना वितळत नाही, म्हणून पदर सुरेख सुटतात. पण जे स्वयंपाकघरात वितळत नाही ते तोंडातही पटकन वितळत नाही. काही खाऱ्या खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसतो तो हाच. केकमध्ये हे घालू नका.

वनस्पती तुपाचं प्रमाण साजूक तुपासारखंच, १०० ला ८० अधिक टेबलस्पून दूध. १९३७ मध्ये बाजारात आलेला डालडा, पिवळ्या डब्यावरच्या झाडासकट, इतका घराघरांत होता की रिकाम्या डब्यात तुळस लावलेली असायची. बेकरीच्या नानकटाईची ती पांढरी, भुसभुशीत जात पुष्कळदा त्याचीच. ट्रान्स फॅटची भीती रास्त होती. आता नियमाप्रमाणे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांहून जास्त चालत नाही. तरी लेबल वाचाच.

डबीतलं फॅट स्प्रेड, ‘लाइट’ लिहिलेलं काहीही, पावाला लावा. ६० टक्के फॅटच्या स्प्रेडमधून ८० ग्रॅम चरबी मिळवायची तर १३३ ग्रॅम घालावं लागेल, आणि त्याबरोबर बटरच्या तिप्पट पाणी येईल. कुकीचा छोटा केक होईल.

घरचं लोणी

सायीला विरजण लावून, घुसळून काढलेलं ताजं लोणी केकला फार चांगलं. अडचण एवढीच की त्यात पाणी किती ते माहीत नसतं. बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, ताकाचा पांढरेपणा जाईपर्यंत, आणि मग पसरट ताटलीत लाकडी चमच्याने दाबत दाबत पाणी काढा. ताटली तिरकी धरली की थेंब ओघळताना दिसतात. थेंब यायचे थांबले तरी आत पाणी असतंच.

किती, ते एकदा मोजून टाका. १०० ग्रॅम लोणी कढवा आणि गाळलेल्या तुपाचं वजन करा. समजा ७० ग्रॅम तूप आलं. तर रेसिपीतल्या १०० ग्रॅम बटरसाठी (ज्यात ८० ग्रॅम चरबी असते) तुम्हाला ११५ ग्रॅम लोणी हवं, आणि रेसिपीतलं दूध एक टेबलस्पून कमी. तुमची पद्धत तीच राहिली तर हा आकडाही साधारण तोच राहतो. एकदा मोजलं की पुरे. चार दिवसांचं आंबूस लोणी तुपासाठी ठेवा. आंबटपणा केकमध्ये कळतो.

बटर कमीच करायचं असेल तर

पूर्ण काढू नका, निम्म्यापर्यंत जा. १०० ग्रॅम बटरपैकी ५० ठेवा आणि बाकीच्या जागी ५० ग्रॅम घट्ट चक्का किंवा कुस्करलेलं पिकलं केळं. दही पातळ असेल तर तासभर मलमलच्या फडक्यात टांगा. दही घातलं तर चिमूटभर खाण्याचा सोडा. हे मफिन आणि चहाच्या केकला जमतं, पोत थोडा पावासारखा होतो. बिस्किटांना अजिबात जमत नाही.

उरलेल्या बटरचं

अमेरिकन रेसिपी नेहमी करत असाल तर पाचशेचं पाकीट आणल्याबरोबर ११३ ग्रॅमचे चार तुकडे कापून, प्रत्येक बटरपेपरात गुंडाळून, वर वजन आणि ‘खारं’ की ‘बिनमिठाचं’ ते लिहून फ्रीझरमध्ये टाका. पाच-सहा महिने चांगलं राहतं. उरलेले ४८ ग्रॅम पावाला. वापरायच्या आदल्या रात्री एक तुकडा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, हवाबंद डब्यात. बटर वास फार पटकन ओढतं, आणि ठेच्याच्या वाटीशेजारी उघडं राहिलेलं बटर केकमध्ये लसणासकट उतरतं.